हिमयुगातील हिमनग आणि अटलांटिकचे मंदावलेले अभिसरण

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: शेवटच्या हिमयुगात हिमनगांचे तांडेच्या तांडे उत्तर अटलांटिकमध्ये येऊन वितळले आणि त्यामुळे सागरी अभिसरण मंदावले, असे सांगितले जाते, पण बर्फ वितळताना पाणी थंड होते, थंड पाणी जड असते, मग ते अधिक जोमाने तळाशी जाऊन अभिसरण उलट वाढायला नको का? शंका अगदी रास्त आहे, आणि पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थीसुद्धा दरवर्षी नेमके इथेच अडखळतात. तिच्या उत्तराचा एक भाग भौतिकशास्त्राचा आहे आणि त्यात वादाला फारशी जागा नाही. दुसरा भाग घटनाक्रमाचा आहे; आधी हिमनग आले की आधी अभिसरण मंदावले, याविषयी आम्हा गाळ तपासणाऱ्यांची समजूत गेल्या दशक-दीड दशकात बरीच बदलली आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहावे लागेल.

आधी घनतेचा हिशेब पाहू. समुद्राच्या पाण्याचे जडपण तापमान आणि क्षारता या दोहोंवर ठरते, पण या दोघांचा प्रभाव सर्वत्र सारखा नसतो. कोकण किनाऱ्यालगतच्या २८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तापमान एका अंशाने उतरले, तर घनता घनमीटरमागे सुमारे ०.३३ किलोग्रॅमने वाढते. २ अंश तापमानाच्या पाण्यात मात्र तेवढ्याच उताराने जेमतेम ०.०८ किलोग्रॅमची भर पडते. क्षारतेचे तसे नाही. किलोभर पाण्यातले मीठ एका ग्रॅमने कमी झाले, की घनता सुमारे ०.८ किलोग्रॅमने घटते, मग पाणी कोमट असो की गोठण्याच्या बेतात असो. आता एक किलो हिमनगाचा बर्फ घेऊ. तो वितळताना साधारण ८० किलो समुद्रजल एका अंशाने थंड करतो, म्हणजे ०.०८ ची कमाई झाली. पण त्याच ८० किलो पाण्यात एक किलो गोडे पाणी मिसळल्यामुळे ३५ ग्रॅमची क्षारता सुमारे ०.४३ ग्रॅमने उतरते आणि घनता ०.३४ ने घटते. थंडाव्याने जेवढे मिळवले, त्याच्या चौपट गोडेपणाने घालवले. शिवाय पाणी आणखी थंड करून ही तूट भरून काढण्याची सोय नाही, कारण उणे १.८ अंशांच्या आसपास ते गोठूनच जाते. म्हणून हिमनगाच्या वितळलेल्या पाण्याचा पातळ, हलका थर पृष्ठभागावर साचून राहतो, खालच्या पाण्याशी त्याचा संपर्क तुटतो, आणि हिवाळ्यात जे पाणी बुडायला हवे ते बुडतच नाही.

हे बुडणे इतके महत्त्वाचे का, ते समजण्यासाठी अटलांटिकच्या अभिसरणाची आजची घडी लक्षात घ्यावी लागते. उष्ण कटिबंधातले उबदार, खारट पाणी वरच्या थरातून उत्तरेकडे जाते, वाटेत हवेला उष्णता देत देत थंड होते, आणि ग्रीनलंड, आइसलँड व लॅब्राडोर परिसरात खाली बसून दोन-तीन किलोमीटर खोलीवरून दक्षिणेकडे परत वाहते. २००४ पासून २६.५ अंश उत्तर अक्षांशावर दोरखंडांना बांधून ठेवलेली उपकरणे या प्रवाहाची सतत नोंद घेत आहेत. त्याची सरासरी सुमारे १७ स्वेरड्रुप भरते. एक स्वेरड्रुप म्हणजे सेकंदाला १० लाख घनमीटर, आणि जगातल्या सर्व नद्यांचे पाणी एकत्र केले तरी ते सव्वा स्वेरड्रुपच्या आतच राहते. (गल्फ स्ट्रीम आणि हे अभिसरण एकच, असा समज सर्रास आढळतो. गल्फ स्ट्रीमचा मोठा भाग वाऱ्याने चालतो; वारे वाहत असेपर्यंत आणि पृथ्वी फिरत असेपर्यंत तो बंद पडत नाही.)

या यंत्रणेची खोड हेन्री स्टोमेल यांनी १९६१ मध्ये दोन खोक्यांच्या अगदी साध्या गणितातून दाखवली होती. उत्तरेचे पाणी बुडते कारण ते खारट असते, आणि ते खारट असते कारण बुडणाऱ्या पाण्याची जागा घ्यायला दक्षिणेकडून खारट पाणी येत राहते. म्हणजे हे अभिसरण स्वतःच्याच चालण्यावर जगते. वरून गोडे पाणी पडले, बुडणे थोडे मंदावले, की दक्षिणेकडून येणारे मीठही घटते, त्यामुळे उत्तरेचे पाणी आणखी हलके होते, आणि एका मर्यादेपलीकडे ही घसरण आपोआप चालू राहते. स्युकुरो मनाबे आणि रोनाल्ड स्टाउफर यांच्या १९८८ च्या हवामान प्रारूपातही अभिसरणाच्या अशाच दोन स्थिर अवस्था सापडल्या. योगायोगाने त्याच वर्षी गाळाकडूनही पुरावा आला.

१९८८ मध्ये हार्टमुट हाइनरिख या जर्मन संशोधकाने ईशान्य अटलांटिकमधल्या ड्रायझाक नावाच्या सागरी पर्वताजवळच्या गाळाच्या कोअरमध्ये, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या दंडगोलात, दगडी कणांनी गच्च भरलेले थर नोंदवले. पुढे जेरार्ड बाँड, वॉलेस ब्रोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तेच थर महासागरभर पसरलेले असल्याचे दाखवून दिले, आणि ‘हाइनरिख घटना’ हे नाव रूढ झाले. अशा सहा प्रमुख घटना मोजल्या जातात. सर्वांत अलीकडची सुमारे १६,८०० वर्षांपूर्वीची, त्याआधीच्या साधारण २४, ३१, ३८, ४५ आणि ६० हजार वर्षांपूर्वीच्या. शेवटच्या दोन आकड्यांमधले अंतर सोडले, तर मधली अंतरे ढोबळमानाने सात हजार वर्षांची आहेत, पण घड्याळासारखी नेमकी नाहीत.

हा थर सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो ते सांगतो, कारण सगळा युक्तिवाद तिथेच उभा आहे. कोअरमधून चमचाभर गाळ घ्यायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचा, वाळवायचा आणि १५० मायक्रॉनहून मोठे कण काळ्या ताटलीत पसरून ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक मोजायचे. एरवीच्या हिमयुगीन गाळात ताटली फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांनी भरलेली असते, आणि अधूनमधून क्वार्ट्झचा एखादा कण चमकतो. हाइनरिख थरात चित्र एकदम उलटते: कवचे जवळजवळ नाहीशी होतात आणि नजर जाईल तिथे टोकदार दगडी कण असतात. जी थोडी कवचे उरतात ती बहुतेक सगळी एकाच जातीची, डावीकडे वळण घेणाऱ्या निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्माची. गोठणाऱ्या पाण्यात तग धरणारी ही ध्रुवीय जात आहे. त्याच कवचांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण हलक्या बाजूला सरकलेले असते, म्हणजे जीव जिथे वाढला ते पाणी बर्फाच्या वितळण्याने पातळ झालेले होते. मलईच्या रंगाचे काही कण वेगळे काढून त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तर चुनखडीचा कण फसफसून उठतो आणि डोलोमाइटचा, म्हणजे चुनखडीच्याच जातकुळीतल्या मॅग्नेशियमयुक्त खडकाचा, कण रेंगाळत, एखाद-दुसरा बुडबुडा सोडत राहतो. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर, भर महासागरात, दोन-दोन मिलिमीटरचे डोलोमाइटचे खडे कोणताही प्रवाह वाहून आणू शकत नाही. ते तळाशी गोठलेल्या दगडमातीसह बर्फाच्या पोटातूनच आले असणार.

ते आले कुठून, याचे उत्तर खडकांनीच दिले. असा चुनखडक आणि डोलोमाइट कॅनडातल्या हडसन उपसागर व हडसन सामुद्रधुनीच्या तळाशी आहे. सोबतच्या हॉर्नब्लेंड खनिजाचे वय १७० ते १९० कोटी वर्षांच्या आसपास भरते आणि तेही त्या भागातल्या प्राचीन खडकांशी जुळते. थरांची जाडी लॅब्राडोर समुद्रात अर्ध्या मीटरच्या पुढे असते आणि युरोपच्या बाजूला काही सेंटिमीटरवर येते. म्हणजे उत्तर अमेरिकेवर पसरलेल्या तीन किलोमीटर जाडीच्या लॉरेंटाइड हिमस्तराचा एक वेगवान प्रवाह हडसन सामुद्रधुनीतून समुद्रात घुसत होता, तिथे त्याचे तुकडे होऊन हिमनग बनत होते आणि ते ४० ते ५५ अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात पूर्वेकडे जाता जाता वितळत होते. तिसरी आणि सहावी घटना या साच्यात नीट बसत नाहीत. त्यांत हडसनची खूण फिकी आहे.

पाणी किती आले, याचे अंदाज समुद्रपातळीच्या भाषेत दोन मीटरपासून दहा मीटरच्या पुढेपर्यंत जातात. प्रमाण लक्षात यावे म्हणून साधा हिशेब देतो: ०.१ स्वेरड्रुप गोडे पाणी सलग ५०० वर्षे ओतले, तर ते सुमारे १६ लाख घनकिलोमीटर होते आणि जगभरचा समुद्र चारेक मीटरने चढतो. प्रवाहाच्या तुलनेत ०.१ हा आकडा किरकोळ वाटतो, पण प्रारूपांमध्ये हिमयुगीन अभिसरण डळमळीत करायला याच मापाचे पाणी पुरते. इथे एका मुद्द्याकडे दुर्लक्ष होते असे मला नेहमी वाटते: किती पाणी आले याइतकेच ते कोणत्या रूपात आणि कुठे आले, हे महत्त्वाचे असते. नदीवाटे किंवा हिमस्तराच्या कडेने आलेले द्रवरूप पाणी पृथ्वीच्या परिवलनामुळे किनाऱ्याला चिकटून अरुंद पट्ट्यात दक्षिणेकडे निघून जाते आणि पाणी बुडण्याच्या जागेला फारसे शिवत नाही. हिमनग मात्र आपले गोडे पाणी बंद पेटीत घेऊन भर समुद्रात जातो आणि तिथे, आठवडे-महिने, हळूहळू सोडतो. हिमयुगात पाणी बुडण्याची जागा आजच्यापेक्षा दक्षिणेला, आइसलँडच्या खाली सरकलेली होती, आणि हिमनगांचा वितळण्याचा पट्टा तिच्या अगदी जवळ होता. (काही हिमनग किनाऱ्याच्या प्रवाहात सापडून भलतीकडेही गेले, साउथ कॅरोलायना आणि फ्लोरिडासमोरच्या समुद्रतळावर त्यांच्या तळाने ओढलेल्या चऱ्या आजही दिसतात.)

अभिसरण खरोखर मंदावले, हे कशावरून? माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा युरेनियमच्या दोन अपत्यांचा आहे. समुद्रात विरघळलेल्या युरेनियमपासून प्रोटॅक्टिनियम-२३१ आणि थोरियम-२३० ही मूलद्रव्ये सर्वत्र ०.०९३ या ठरावीक प्रमाणात तयार होत राहतात. थोरियम काही दशकांत कणांना चिकटून जागच्या जागी तळाशी बसते. प्रोटॅक्टिनियम मात्र शंभर-दोनशे वर्षे पाण्यात राहते, आणि खोल प्रवाह चालू असेल तर त्यातले बरेचसे दक्षिण महासागराकडे वाहून जाते. म्हणून प्रवाह जोमदार असताना अटलांटिकच्या गाळातले प्रमाण ०.०९३ च्या बरेच खाली राहते, आणि प्रवाह थांबला तर ते त्या आकड्याकडे चढते. जेरी मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बर्म्युडाजवळच्या साडेचार किलोमीटर खोल तळावरचा कोअर या पद्धतीने तपासला. गेल्या काही हजार वर्षांच्या गाळात प्रमाण सुमारे ०.०५५ होते, पहिल्या हाइनरिख घटनेच्या काळात ते जवळपास ०.०९३ ला जाऊन भिडले. या पद्धतीवर आक्षेप आहेत, विशेषतः डायअॅटम या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त कवचांचा पाऊस वाढला तरी प्रमाण फुगते. पण तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरातील कार्बन-१३ हा अगदी वेगळा साक्षीदारही तेच सांगतो. त्या काळात खोल अटलांटिकमध्ये उत्तरेचे ताजे पाणी मागे हटले होते आणि अंटार्क्टिकाकडचे जुने, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी तिथे शिरले होते. त्यामुळे आम्ही हिमयुगातल्या अभिसरणाच्या तीन अवस्था मानतो: आजच्यासारखी जोमदार, दक्षिणेला सरकलेली व उथळ, आणि हाइनरिख काळातली जवळजवळ ठप्प.

इथपर्यंतची कथा सरळ आहे: हिमनग आले, पाणी गोडे झाले, अभिसरण थांबले, थंडी पडली. मीही अनेक वर्षे ती अशीच शिकवली. अडचण अशी, की कोअरमधला क्रम तिला पुरता साथ देत नाही. हाइनरिख थर नेहमी आधीच सुरू झालेल्या शीत टप्प्याच्या, म्हणजे हिमयुगातल्याच अधिक थंड कालखंडाच्या, आत सापडतात, त्याच्या सुरुवातीला नव्हे. स्टीफन बार्कर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आइसलँडच्या दक्षिणेकडचा कोअर अशा अनेक शीत टप्प्यांमधून तपासला, आणि पाणी थंड होऊ लागल्यानंतरच हिमनगांचे कण वाढतात असे दाखवले. पहिल्या घटनेतही अभिसरण सुमारे साडेसतरा हजार वर्षांपूर्वीच ढासळू लागले होते, आणि हडसनचा बर्फ त्यानंतर काही शतकांनी आला. पावलांचे ठसे पाहून चोर ठरवायला जावे, आणि ठसे चोरी झाल्यानंतरचे निघावेत, तसे हे झाले.

मग हिमस्तर ढासळला कशामुळे? डग्लस मॅकएल यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या कल्पनेत हिमस्तर स्वतःच्याच लयीत चालतो: बर्फ हजारो वर्षे साचत जातो, जाड बर्फाखाली भूगर्भाची उष्णता अडकते, तळ वितळून निसरडा होतो आणि सगळा प्रवाह समुद्रात घसरतो. सात हजार वर्षांचे अंतर यातून छान निघते, पण घटना नेहमी शीत टप्प्यातच का घडाव्यात, हे निघत नाही. त्याचे उत्तर समुद्राच्या मधल्या थरात आहे. अभिसरण मंदावले, की उत्तरेकडे येणारे उबदार पाणी वर येऊन आपली उष्णता हवेला देऊ शकत नाही. पृष्ठभाग समुद्री बर्फाने झाकला जातो आणि काहीशे मीटर खोलीवर ऊब साठत जाते. हीच ऊब आइस शेल्फच्या, म्हणजे हिमस्तराच्या समुद्रावर तरंगणाऱ्या कडेच्या, बुडाला पोहोचते, ती कड तुटते, आणि तिने थोपवून धरलेला मागचा बर्फ सुटतो. शॉन मार्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तळाच्या फोरॅमिनिफेरातील मॅग्नेशियम-कॅल्शियम प्रमाणावरून हाइनरिख घटनांच्या आधीची ही खोलवरची तापवाढ दाखवली. जेरेमी बॅसिस आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या प्रारूपात याला आणखी एक धागा जोडला आहे: जड बर्फाखाली दबलेला खडक बर्फ ओसरल्यावर हळूहळू वर उचलला जातो, सामुद्रधुनी उथळ होते, उबदार पाण्याची वाट बंद होते, आणि हिमस्तर पुन्हा वाढू लागतो. प्रत्येक थंडीत हाइनरिख घटना का घडत नाही, हे यातून उलगडते. खडक पुन्हा पुरेसा दबेपर्यंत उबेला आत शिरता येत नाही.

म्हणून माझे उत्तर असे आहे, की अभिसरण पहिल्यांदा मंदावले ते हिमनगांमुळे नाही. आधीच मंदावलेल्या अभिसरणाने हिमनग सोडवले, आणि त्यांच्या गोड्या पाण्याने त्या अभिसरणाला जवळपास ठप्प अवस्थेपर्यंत नेले व शेकडो वर्षे तिथेच धरून ठेवले. साधे शीत टप्पे आणि हाइनरिखचे शीत टप्पे यांतला फरक हाच आहे. ग्रीनलंडच्या बर्फात हा फरक फारसा दिसत नाही, कारण तिथे आधीच कमाल थंडी होती. पोर्तुगालच्या किनाऱ्यासमोर मात्र समुद्राचे तापमान इतर कोणत्याही शीत टप्प्यापेक्षा खाली गेलेले दिसते.

उत्तरेकडे न गेलेली उष्णता दक्षिणेतच राहिली. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या नोंदींत याच काळात तापमान शतकानुशतके हळूहळू चढताना दिसते. उत्तर गोठली की दक्षिण तापायची, याला आम्ही ध्रुवांमधला सी-सॉ म्हणतो. निकोलस शॅकलटन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये पोर्तुगालजवळच्या एकाच कोअरमध्ये हे दोन्ही दाखवले होते. एकाच चमच्यातल्या गाळात पृष्ठभागावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांचा आलेख ग्रीनलंडसारखा झटके घेत जातो, आणि तळाशी राहणाऱ्यांचा अंटार्क्टिकासारखा संथ चढतो-उतरतो. कालमापनाच्या चुका मधे येतच नाहीत, कारण दोन्ही कवचे एकाच थरातली आहेत. पहिल्या घटनेच्या काळात वातावरणातला कार्बन डायऑक्साइडही दशलक्ष भागांत सुमारे १९० वरून २३० च्या आसपास चढला, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिण महासागराच्या खोल पाण्यातून सुटला असे मानले जाते.

हे सगळे अटलांटिकचे असले, तरी त्याचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. उत्तर गोलार्ध थंड पडल्यावर विषुववृत्ताजवळचा पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकला. एरवी कोरड्या असलेल्या ईशान्य ब्राझीलमध्ये त्या काळी गुहांत चुन्याचे थर वाढू लागले, म्हणजे तिथे पाऊस पडत होता. त्याच वेळी भारतीय मोसमी पाऊस क्षीण झाला होता. मेघालयातल्या मॉमलूह गुहेच्या चुन्याच्या स्तंभातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पहिल्या हाइनरिख घटनेच्या काळातला हा अशक्त मोसमी पाऊस स्पष्ट दाखवते. अरबी समुद्राच्या गाळातली खूण तर नुसत्या डोळ्यांनी दिसते. मोसमी वारे जोरात असताना खालचे पोषक पाणी वर येते, प्लवकांची भरभराट होते, ते मरून कुजताना मधल्या खोलीवरचा ऑक्सिजन संपवतात, आणि तळावर किडेही जगू शकत नसल्यामुळे गाळाचे गडद थर वहीच्या पानांसारखे न विस्कटता राहतात. हार्टमुट शुल्झ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरच्या कोअरमध्ये अशा गडद पट्ट्यांच्या मधे फिकट, एकजीव झालेले पट्टे दाखवले, आणि ते ग्रीनलंडच्या शीत टप्प्यांशी एकेक करून जुळले. वारे मंदावले होते, प्लवक घटले होते, तळाशी ऑक्सिजन परतला होता आणि किड्यांनी गाळ उकरून सरमिसळ केली होती. हडसन सामुद्रधुनीचा एकही खडा अरबी समुद्रात आलेला नाही. म्हणून इथल्या कोअरमध्ये हाइनरिख घटना ओळखताना आम्ही डोलोमाइट शोधत बसत नाही. फिकट पट्ट्यात किड्यांची बिळे कुठून सुरू होतात, ते पाहतो.